गाडगे आणि खराटा



मागच्या वर्षी मुक्ताईनगर तालुक्यातील एका कुटुंबाने धम्मदीक्षा घेतली. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिले, बावीस प्रतिज्ञा म्हणून घेतल्या, आलेल्या मंडळींना खीर वाढली. कार्यक्रम आटोपल्यावर घरमालकाने देव्हारा रिकामा केला. तसबिरी, टाक, लाल फडकी, प्लास्टिकची फुले, वाळलेले नारळ असे सारे एका खताच्या रिकाम्या गोणीत भरले. गोणी मोटारसायकलवर ठेवली आणि आम्ही तिघे-चौघे पूर्णा नदीच्या पुलावर गेलो. त्याने गोणी उचलली आणि कठड्यावरून खाली सोडली. काच फुटल्याचा आवाज झाला, कारण खाली पाणी थोडे आणि दगड फार होते.

मी वाकून पाहिले. तेथे आमचीच एक गोणी नव्हती. निर्माल्याच्या पिशव्या, प्लास्टरच्या मूर्तींचे हातपाय, औषधांच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, जुन्या गाद्या यांचा थर पुलाच्या खांबांना बिलगला होता. त्या कुटुंबातील लहान मुलगी बरोबर आली होती. तिने मला विचारले की सर, हे आता कुठे जाणार? मी शिक्षक आहे. मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देणे हा माझा पेशा आहे. पण त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. कारण ती गोणी उचलताना एका बाजूने मीही हात लावला होता.

देव घराबाहेर काढणे हा त्या कुटुंबाचा निर्णय होता आणि तो योग्यच होता. पण घरातून निघालेली वस्तू नदीत टाकावी, म्हणजे ती नाहीशी होते, ही समजूत मात्र आपण जुन्या घरातून नव्या घरात तशीच घेऊन आलो. पाण्यात सोडले की पाप फिटते, तसा कचराही फिटतो, असे आपल्याला वाटते. तो फिटत नाही. तो पुढच्या गावाच्या दारात जाऊन थांबतो. पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते. खाली भुसावळ तालुक्यात हतनूरचे धरण आहे. त्याचे पाणी माणसे पितात.

त्या रात्री मला याच पूर्णेच्या काठी, पण वर वऱ्हाडात, आयुष्य घालवलेल्या एका माणसाची आठवण झाली. त्याचे नाव तुम्ही सर्वांनी ऐकले आहे. त्याचा खराटा घेतलेला फोटो तुम्ही शाळेत आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पाहिला आहे. त्या गाडगेबाबांचे जीवन आज तुमच्यापुढे ठेवावयाचे आहे.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल की गाडगेबाबा कीर्तन करीत, देवाचे नाव घेत. मग बौद्धांच्या पत्रात त्यांचे चरित्र कशाला? शंका रास्त आहे. गाडगेबाबा बौद्ध नव्हते. त्यांना बौद्ध ठरवण्याचा माझा हेतूही नाही. पण परमपूज्य बाबासाहेबांच्या मनात ज्या थोड्या समकालीन माणसांविषयी आदर होता, त्यांत हा निरक्षर माणूस होता. तो का होता, हे समजून घेतले तर पुलावरून टाकलेल्या त्या गोणीचा हिशोब लागतो.

गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट समाजात झाला. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. आईचे नाव सखुबाई. बापाला दारूचे व्यसन लागले, घर त्यात बुडाले आणि १८८४ साली बाप वारला. डेबू त्या वेळी आठ वर्षांचा होता. सखुबाईने मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे हे आपले माहेर गाठले. तेथे मामाच्या घरी डेबूने गुरे राखली, नांगर धरला, शेतात घाम गाळला. शाळेचे तोंड पाहिले नाही. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला की जमीन कशी जाते, हे मात्र त्याने मामाच्या घरात डोळ्यांनी पाहिले. दारू, कर्ज आणि अज्ञान या तीन गोष्टी माणसाला कशा खातात, हे त्याला कोणत्या पुस्तकाने शिकवले नाही. घरानेच शिकवले.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. पुढे मुलीचे बारसे निघाले. त्या काळी अशा प्रसंगी समाजाला मटण आणि दारू देण्याचा रिवाज होता. नाही दिली तर भाऊबंद नावे ठेवीत. डेबूजींनी रिवाज मोडला आणि गोड जेवण घातले. मंडळी रुसली, बोलली, पण डेबूजी मागे सरले नाहीत. आपल्यापैकी ज्यांनी दीक्षेनंतर लग्नात आणि बारशात जुने रिवाज मोडले आहेत, त्यांना या गोष्टीची किंमत अधिक सांगावयास नको.

१ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्या जोडून केलेले कपडे, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा, हातात मातीचे गाडगे आणि खराटा. त्या गाडग्यातच जेवायचे, त्यातच पाणी प्यायचे. लोक त्यांना कोठे गोधडेबुवा म्हणत, कोठे चिंधेबुवा म्हणत. शेवटी गाडगेबाबा हे नाव राहिले.

वाचकहो, येथे थोडे थांबा आणि त्या दोन वस्तूंकडे नीट पाहा. गाडगे आणि खराटा. या दोन वस्तू आपल्या पूर्वजांच्याही अंगावर होत्या. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला खराटा बांधलेला असे, म्हणजे त्याच्या पायांच्या खुणा त्याने मागे पुसत जाव्यात. गळ्यात मडके असे, म्हणजे त्याची थुंकी जमिनीवर पडू नये. बाबासाहेबांनी १९३६ सालच्या आपल्या जातिनिर्मूलनावरील ग्रंथात ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे. ज्या वस्तू आपल्या वाडवडिलांच्या अंगावर सक्तीने बांधल्या गेल्या, त्याच वस्तू हा माणूस स्वतःहून हातात घेऊन गावात शिरला. सक्तीचा खराटा सांगत होता की तू स्वतःच घाण आहेस. गाडगेबाबांचा खराटा सांगत होता की घाण तुमच्या रस्त्यावर आहे आणि ती तुम्हीच केली आहे. खराटा तोच, अर्थ मात्र उलटा झाला.

त्यांची रीत ठरलेली होती. अनोळखी गावात शिरायचे आणि कोणाशी न बोलता रस्ता झाडायला लागायचे. गटार तुंबले असेल तर उपसायचे. लोकांना वाटे की हा कोणी वेडा आहे. मुले मागे लागत. मग एखादा म्हातारा चौकशी करी, एखादा तरुण फावडे घेऊन येई, आणि पाहता पाहता गावची माणसे कामाला लागत. काम केल्याशिवाय ते भाकरी घेत नसत. संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन होई. हे कीर्तन म्हणजे बुवांचे पुराण नव्हे. ते वऱ्हाडी बोलीत लोकांनाच प्रश्न विचारीत आणि लोकांकडूनच उत्तर वदवून घेत. दगडाच्या देवाला बकरे कशाला, कर्ज काढून सण कशाला, दारू कशाला, शिवाशिव कशाला, असे ते प्रश्न असत. ताटे विकावी लागली तरी विकावी, भाकरी हातावर घेऊन खावी, पण पोरांना शाळेत घालावे, असे ते बायाबापड्यांना कळवळून सांगत. दुसऱ्या दिवशी गाव जागे होण्यापूर्वी ते पुढच्या वाटेला लागलेले असत. पाया पडू देत नसत. कोणाला शिष्य म्हणत नसत.

आता पूर्णेकाठी या. अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे ठिकाण आहे. पौष महिन्यातील रविवारी तेथे यात्रा भरते. या ठिकाणी स्नान केले की ऋण फिटते, अशी समजूत. हजारो माणसे येत, नदीत उतरत. काठावर चिखल आणि निसरडे, म्हाताऱ्याकोताऱ्या घसरून पडत. लोक देवाचे ऋण फेडून जात आणि नदीवर घाणीचे ऋण ठेवून जात. डेबूजींनी तेथे स्नानाचे पुण्य शोधले नाही. त्यांनी फावडे घेतले, चिखल ओढला, पायऱ्या केल्या, काठ झाडला. पुढे १९०८ च्या सुमारास लोकवर्गणीतून तेथे पक्का घाट उभा राहिला. त्यांच्या बांधकामांची सुरुवात ही अशी झाली.

पंढरपूरलाही तेच. वारीत लाखो माणसे येत आणि चंद्रभागेच्या वाळवंटाची काय दशा होई, हे सांगण्याची गरज नाही. इतरांची धाव मंदिराकडे असे, गाडगेबाबा वाळवंट झाडीत. जेथे माणसे जमतात तेथे घाण होते आणि जमलेली माणसे निघून गेल्यावर ती कोणाच्या तरी अंगावर पडते, ही गोष्ट त्यांनी बरोबर ओळखली होती. म्हणून ते यात्रेच्या गावांचा माग काढीत जात. कोणाच्या अंगावर ती घाण पडते? जातीने ज्याच्या वाट्याला ते काम लावले आहे त्याच्या. यात्रेकरूचे पुण्य आणि झाडूवाल्याचे पाप ही एकाच नाण्याची दोन अंगे होती. गाडगेबाबांनी पाटलाच्या, सावकाराच्या आणि यात्रेकरूच्या हाती खराटा दिला. माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम हेच होय.

लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या, गोरगरिबांसाठी सदावर्ते घातली, वसतिगृहे आणि शाळांना हात दिला. पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्याला कोणत्याही धर्मशाळेत जागा नव्हती. त्याने उघड्यावर, घाणीच्या कडेला पडून राहावे अशी व्यवस्था होती. त्याच्यासाठी गाडगेबाबांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर जमले आणि संस्थांच्या विश्वस्तांकडे गेले; स्वतःच्या बायकोमुलांना मात्र त्यांनी त्यातील पैही दिली नाही. १९२३ साली कोकणात खारेपाटण येथे असताना मुलगा गोविंदा गेल्याची बातमी त्यांना कळली. तरीही त्यांनी कीर्तन थांबवले नाही.

बाबासाहेब आणि गाडगेबाबा यांचे नाते सांगताना पुष्कळ आठवणी सांगितल्या जातात. १९४९ साली गाडगेबाबा मुंबईत आजारी होते. बाबासाहेब त्या वेळी देशाचे कायदेमंत्री. दिल्लीला जाण्याच्या घाईत असतानाही ते दोन घोंगड्या घेऊन इस्पितळात गेले, आणि कोणाकडून काही न घेणाऱ्या गाडगेबाबांनी त्या घोंगड्या ठेवून घेतल्या, असे सांगतात. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा गाडगेबाबांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. एकाजवळ जगातील मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या होत्या, दुसऱ्याला अक्षर येत नव्हते. पण गरिबाच्या पोराने शिकले पाहिजे आणि कोणा माणसाला जन्माने घाण समजू नये, या दोन गोष्टींवर दोघांचे एकमत होते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मक्रांती झाली. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाजवळ गाडगेबाबांनी अखेरचा श्वास घेतला. ही पेढी नदीही पुढे पूर्णेलाच मिळते.

पुढे २००० साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. गावोगाव फलक लागले. पण फलकावर नाव आले की माणूस विसरणे सोपे जाते. म्हणून आता फलक बाजूला ठेवून आपण आपल्या घराचे बोलू.

माझी आजी गाव झाडीत असे. ते तिचे जातीचे काम होते आणि त्याचा मोबदला म्हणून शिळी भाकरी मिळे. माझ्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. मी शाळेत होतो तेव्हा शनिवारी शाळेचे मैदान झाडायचे असे. त्या वेळी गुरुजी ठरलेल्या मुलांची नावे घेत आणि ती सारी आमच्या वस्तीतील असत. माझी माय मला सांगे की तू शिक, म्हणजे तुझ्या हातात खराटा येणार नाही. मी शिकलो. शिक्षक झालो. आणि पहिल्यांदा शाळेच्या सफाईचा दिवस आला तेव्हा माझ्याच हाताला खराटा धरवेना. मी व्हरांड्यात उभा राहून मुलांना सूचना देत राहिलो. थोड्या वेळाने पाहतो तो काय, खराटे वस्तीतल्याच मुलांच्या हातात गेले होते. कोणी सांगितले नव्हते. जुनी वाट आपोआप चालू झाली होती. त्या दिवशी मला कळले की खराटा टाकून देऊन जात जात नाही. मी टाकला, तर तो माझ्याच वस्तीतल्या दुसऱ्या पोराच्या हातात जातो. तेव्हापासून आमच्या वर्गात पाळी लावली आहे. हजेरीपटाच्या क्रमाने सर्वांची पाळी येते आणि पहिली पाळी माझी असते.

बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडला आपल्या माणसांना मेलेली ढोरे ओढणे आणि मेलेल्या ढोराचे मांस खाणे सोडावयास सांगितले. गावाची घाण वाहणे हा आपला धर्म नव्हे, हे त्यांनी शिकवले. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच त्यांनी आपल्या आयाबहिणींना स्वच्छ राहण्याचा, नीटनेटके कपडे नेसण्याचा उपदेश केला. या दोन्ही शिकवणी एकत्र घ्यावयाच्या आहेत. दुसऱ्याची घाण जात म्हणून उचलायची नाही, आणि आपली घाण दुसऱ्यावर टाकायची नाही. पहिली अर्धी आपण चांगली लक्षात ठेवली. दुसरी अर्धी विसरलो.

पहिल्या अर्ध्याचा लढा अजून संपलेला नाही, हे तुम्हाला माहीत आहे. हाताने मैला वाहण्याची प्रथा बंद करणारा कायदा १९९३ साली झाला आणि अधिक कडक कायदा २०१३ साली. शहरांची घाण आजही गावांच्या शिवारात जाते. धुळ्याचा कचरा वरखेडीच्या वाटेवर आणि जळगावचा आव्हाण्याच्या शिवारात नेऊन टाकला जात आला. शहर स्वच्छ दिसावे म्हणून खेडे घाण होते. आमच्या तालुक्यात तर याहून वाईट पद्धत आहे. रात्री दिवे न लावता ट्रॅक्टर येतो आणि लग्नाच्या हॉलमधील पत्रावळी, थर्माकोलच्या वाट्या, कोंबड्यांची पिसे वस्तीमागच्या नाल्यात उलटी करून जातो. गावात एवढी पड जमीन असताना तो नेमका वस्तीमागेच का येतो? कारण टाकणाऱ्याच्या मनात ती जागा पूर्वीपासून घाणीची म्हणून ठरलेली आहे. तेथे राहणाऱ्या माणसांनी तक्रार करू नये, असेही त्याच्या मनात ठरलेले आहे.

तक्रार केलीच पाहिजे. पण तक्रारीच्या कागदावर सही करण्यापूर्वी आपला हात स्वच्छ आहे काय, हे पाहावे लागते. दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपण हजारोंनी जमतो. १९३७ साली बाबासाहेब तेथे मुक्कामाला होते. त्यांच्या आठवणीने आपण डोंगर चढतो, वंदन करतो, डबे सोडून जेवतो. जेवल्यावर पाण्याच्या बाटल्या आणि द्रोण आपण खाली परत आणतो काय? स्वतःला विचारा. १४ एप्रिलची मिरवणूक गेल्यावर दुसऱ्या सकाळी रस्त्यावरच्या पाण्याच्या पिशव्या कोण गोळा करतो? नगरपालिकेचा सफाई कामगार. आणि तो बहुतेक करून कोणत्या समाजाचा असतो? मुक्तिदात्याची जयंती आपण साजरी करायची आणि तिची घाण आपल्यासारख्याच, कालपर्यंत अस्पृश्य असलेल्या भावाने उचलायची, हे बाबासाहेबांना आवडले असते काय?

शेतातही हेच. आपल्या जिल्ह्यात केळी आणि कापूस ही मोठी पिके. ठिबकच्या फाटक्या नळ्या, मल्चिंगचा कागद, केळीच्या घडांना घातलेल्या पिशव्या आणि फवारणीच्या बाटल्या बांधावर पडून राहतात, नाही तर नाल्यात जातात. पहिला पूर आला की नदीत. नाही तर काडी लावली जाते आणि तो विषारी धूर पहिल्यांदा आपल्याच लेकरांच्या छातीत जातो. जनावर प्लास्टिक खाते, त्याचे पोट फुगते आणि ते मरते. मजुरी करणाऱ्या कुटुंबाची एक शेळी मेली, तर वर्षाचा हिशोब बिघडतो.

भगवान बुद्धांनी या गोष्टीचा विचार केला नव्हता, असे समजू नका. विनयपिटकात भिक्षुणींसाठी एक नियम आहे. एका भिक्षुणीने भिंतीपलीकडे न पाहता घाण फेकली आणि ती पलीकडून जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर पडली. त्यावरून नियम झाला की मलमूत्र, केरकचरा, उष्टे भिंतीपलीकडे फेकू नये आणि दुसऱ्याकडून फेकवूही नये. हिरव्या पिकावर टाकू नये, असा दुसरा नियम झाला. पाण्यात थुंकू नये आणि मलमूत्र करू नये, हे भिक्षूंनाही सांगितले आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा नियम आमच्या पूर्णेच्या पुलाला आजही लागू पडतो. पुलाचा कठडा ही भिंतच आहे. पलीकडे कोणी तरी आहे. दुसऱ्याकडून फेकवणे हाही दोषच, हे शब्द तर आमच्या साऱ्या जातिव्यवस्थेला लागू पडतात.

मग काय करावे? फार मोठे काही नको. घरात दोन डबे ठेवा. भाजीपाला, राख, उष्टे एका डब्यात. त्याचे परसात खत करा. प्लास्टिक, काच, पत्रा दुसऱ्या डब्यात. ते भंगारवाल्याला किंवा ग्रामपंचायतीच्या गाडीला द्या. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याची जबाबदारी ज्याच्या घरात कचरा होतो त्याच्यावरच टाकली आणि तो उघड्यावर किंवा नाल्यात टाकण्यास व जाळण्यास मनाई केली. विहारातील कार्यक्रमाचे निमंत्रण देताना जेवणानंतर जागा कोण झाडणार, त्यांची नावे आधी ठरवा आणि त्यांत अध्यक्षांचे नाव पहिले घाला. केवळ स्त्रियांची नावे घालू नका. घरातील खराटा हा फक्त बाईचा, ही तरी दुसरी वर्णव्यवस्थाच नव्हे काय? नाल्यात ट्रॅक्टर उलटा करणाऱ्याविरुद्ध ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि ग्रामसभेत उभे राहून तो वाचा. वर्षातून काही दिवशी ग्रामसभा भरते. त्या दिवशी घरी बसू नका. गाडगेबाबा न बोलता झाडीत, पण संध्याकाळी चारचौघांत प्रश्नही विचारीत. आपण दोन्ही करावयाचे आहे. नुसते झाडले तर आपण पुन्हा झाडूवाले होऊ. नुसते विचारले तर कोणी ऐकणार नाही.

जाता जाता त्या मुलीच्या प्रश्नाविषयी. या वर्षी त्याच गावात दुसऱ्या एका कुटुंबाने दीक्षा घेतली. देव्हारा रिकामा करण्याची वेळ आली तेव्हा मी गोणी मागितली नाही. ओट्यावर बसून आम्ही तसबिरींचे खिळे काढले. लाकूड चुलीला गेले. काच कागदात गुंडाळून आणि टाक, पितळ वेगळे काढून भंगारवाल्याला दिले. लाल फडकी धुऊन घरात पुसण्याला ठेवली. सुके नारळ फोडून खोबरे खाल्ले. प्लास्टिकची फुले एका पिशवीत भरून ग्रामपंचायतीच्या गाडीत दिली. सारे मिळून तासभर लागला. मागच्या वर्षी प्रश्न विचारणारी मुलगी तेथे आली होती. काच धरताना हात कापू नये म्हणून तिने मला कागद आणून दिला. या वेळी तिने काही विचारले नाही.

मग घरमालकाने कोपऱ्यातला खराटा घेतला आणि रिकामा कोपरा झाडला. त्याच्या हातून मी खराटा घेतला आणि ओटा झाडला. त्या जागेवर संध्याकाळी वंदना झाली.

जयभीम! नमो बुद्धाय!